चौथं अक्षर

शेवटी एन्झाइमने कापायला नकार दिला, आणि एन्झाइमचंच बरोबर होतं. हे वाक्य झालंच नाही असं धरून चालायचं. ते कुणी लिहिलं नाही, कुणी वाचलं नाही. सकाळचे पावणेअकरा वाजलेत, कशाचाच निकाल लागलेला नाही, आणि तो कपाटाएवढ्या अंधाऱ्या खोलीत तोंडावर प्लास्टिकची ढाल चढवून, जिथे पट्टी नको तिथे उमटलेल्या एका नारिंगी पट्टीकडे बघत उभा आहे.

पट्टी तशी काही मोठी गोष्ट नाही, नखाच्या कडेएवढी. साबणाच्या पातळ, दुधी वडीसारखा एक चौकोन असतो, त्याला जेल म्हणतात. त्याच्या वरच्या काठाला ओळीने खाचा असतात. एकेका खाचेत एकेका माणसाच्या डीएनएचा थेंब सोडायचा आणि वीज लावायची, की डीएनए आपापल्या लेनमधून खाली चालू लागतो. तोकडे तुकडे भराभर पुढे सटकतात, लांब तुकडे गर्दीतून वाट काढणाऱ्या जाड्या मामासारखे मागे राहतात. मग खालून जांभळा दिवा लावला की जो तो जिथल्या तिथे नारिंगी होऊन पकडला जातो. सिकलसेलच्या तपासणीत एवढंच बघायचं असतं. डीएनएच्या एका ठरावीक तुकड्याच्या यंत्रात लाखो नकला काढायच्या, त्यांच्यावर एन्झाइम सोडायचं. नक्कल निरोगी असेल तर एन्झाइम ती मधेच कापतं आणि खाली दोन छोट्या पट्ट्या येतात. बिघडलेली असेल तर कापत नाही, वर एकच लांब पट्टी राहते. आणि आईकडून एक, बापाकडून एक अशा दोन प्रतींपैकी एक धड आणि एक बिघडलेली असेल, तर तीन पट्ट्या येतात. असा माणूस वाहक. त्याला स्वतःला सहसा काही होत नाही. तो जेवतो, नोकरी करतो, पंख्याच्या वेगावरून घरात भांडतो. फक्त त्याला दुसरा वाहक भेटला आणि दोघांचं जमलं, तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता अशी की त्या मुलाच्या रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतील, बारीक नसांमध्ये अडकतील, आणि हाडं दुखतात म्हणजे काय हे त्या मुलाला बोलायला येण्याआधी कळेल.

पहिल्या लेनमध्ये तीन पट्ट्या होत्या. पहिली लेन नॉर्मलची. आणि नॉर्मल म्हणजे तो.

प्रत्येक जेलमध्ये एक नॉर्मल लागतो. ज्याचं काही बिघडलेलं नाही असा पक्का माहितीतला माणूस. त्याचं पूर्ण कापलं गेलं की समजायचं, एन्झाइम आपलं काम नीट करतंय. आत्तापर्यंत हे पद प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमकडे होतं. पण मॅडमच्या डीएनएची नळी तळाला गेली, तेव्हा गेल्या आठवड्यात त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "एक धडधाकट, सर्वसाधारण, कुठे उठून न दिसणारा माणूस हवाय." खोलीत सहाजण होते. पाचजणांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने स्वतःही बघितलं असतं, पण आरसा नव्हता. त्या दिवसापासून सगळे त्याला नॉर्मल म्हणू लागले. नॉर्मल, चहा घेणार का. नॉर्मल, तुझी छत्री दारात ठिबकतेय. त्याला ते आवडलं होतं. शाळेत कधी कुठल्या पदावर निवड झाली नव्हती, वर्गाचं फडकं धुण्याच्या समितीवरसुद्धा नाही, आणि इथे अख्ख्या मनुष्यजातीतर्फे त्याला उभं केलं होतं. नियम असा, की नव्या नॉर्मलला कामावर घेण्याआधी जुन्या नॉर्मलच्या शेजारी लावून एकदा बघायचं. पण नॉर्मल माणसाची काय परीक्षा घ्यायची, असं म्हणून त्याने ती घेतली नाही. तो स्वतःला तीस वर्षं ओळखत होता.

आता ढालीच्या आत त्याचा श्वास जमून धुकं झालं होतं, आणि त्याने ते पुसलं नाही. धुक्यातून तिसरी पट्टी नसल्यासारखी दिसत होती. मग धुकं विरलं. तिसरी पट्टी पट्टीच्या जागी होती, आणि त्याच्या डोक्यात एकदम ताईचा आवाज आला, कालचा, फोनवरचा. "मुलगी होवो, मुलगा होवो, तुझ्यासारखं नाक नको एवढंच माझं मागणं आहे." ताईला चौथा महिना होता. भाऊजी वाहक होते. ते कारखान्यातल्या तपासणीत लग्नाआधीच कळलं होतं, त्यांच्या पाकिटात तसं कार्ड होतं, आणि ते कार्ड ते ओळखपत्र म्हणून बिनदिक्कत कुठेही दाखवायचे. पहिल्याच भेटीत डॉक्टरीणबाई ताईला म्हणाल्या होत्या, तुमचंही एकदा तपासून घेऊ. त्यावर ताईने सांगितलं होतं, "आमच्या घरात नाही हो कुणाला. माझा भाऊ ह्याच तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, असतं तर त्याला कळलं नसतं का?" डॉक्टरीणबाईंनी त्या वाक्याला काय म्हणून मानलं कोण जाणे, पण तपासणी राहून गेली. म्हणजे ताईच्या पोटातल्या जिवाची आत्तापर्यंतची एकुलती एक वैद्यकीय तपासणी म्हणजे तो. तो होता, आणि त्याला काही कळलं नव्हतं, ह्यावर ते सगळं उभं होतं. त्याला बिघडलेली प्रत मिळाली असेल तर ती आई किंवा बाबांकडून आली, आणि मग ताईलाही मिळाली असण्याची शक्यता निम्मी.

पण तिसरी पट्टी येण्याचं दुसरंही कारण असू शकतं, आणि ते आठवताच त्याला इतका आनंद झाला की त्याने ढाल काढली. एन्झाइम अशक्त असेल तर ते अर्धवटच कापतं. काही नकला कापतं, काही सोडून देतं, आणि मग निरोगी माणूसही अगदी वाहकासारखा दिसतो. एन्झाइम उणे वीस अंशात ठेवायचं असतं आणि बाहेर काढलं की बर्फात खोचायचं असतं. आणि काल दुपारी, नाकाबद्दल वाद घालताना, एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने हातवारे करायचे म्हणून, त्याने एन्झाइमची कुपी टेबलावर नुसतीच ठेवली होती. म्हणजे चूक त्याची होती. असं निर्मळ सुख त्याला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. आपण निष्काळजी आहोत, बेजबाबदार आहोत, आपल्याला नोकरीवरून काढून टाकायला हवं, असं मनाशी म्हणत तो जवळजवळ पळतच मॅडमच्या टेबलाशी गेला.

"मॅडम, माझ्याकडून चूक झालीय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "परत बोल."

"काल एन्झाइम बर्फाबाहेर राहिलं. वीस मिनिटं. पंचवीसही असतील. चाळीस."

"लिलाव लावलायस का?"

"चाळीस नक्की."

"तीन वर्षांत तू एकही चूक कबूल केली नाहीस. नळ्या फिरवायच्या सेंट्रीफ्यूजचं झाकण तुटलं तेव्हा भूकंप झाला होता म्हणालास."

"मला हादरा जाणवला होता, मॅडम."

मॅडमनी जेलचा फोटो हातात घेतला. त्या फोटो बघतात तेव्हा चष्मा कपाळावर सरकवतात आणि कागद नाकाला लागेपर्यंत जवळ आणतात. वाचतायत की हुंगतायत ते कळत नाही. "ह्या चार लेन कुणाच्या?"

"दोन जोडपी आहेत. आजारी मुलांचे आईवडील."

"म्हणजे वाहकच असणार. त्यांच्या तीन यायलाच हव्यात. आणि शेवटचा रुग्ण, त्याचं कापलं जाणारच नाही." चष्मा खाली आला. "पूर्ण कापलं जायला हवं अशी एकच लेन आहे ह्यात."

"माझी."

"म्हणजे ह्या जेलला तुझ्याशिवाय साक्षीदार नाही." त्यांनी फोटो उलटा ठेवला. "जेल रद्द. नवी कुपी काढ. माझ्या जुन्यातलं काही उरलंय?"

"दोन थेंब."

"लाव. शेजारी तुझं लाव." तो वळला, तेव्हा मॅडम मागून म्हणाल्या, "घरी कुणी वाहक?"

"भाऊजी."

"ते तुझ्या रक्ताचे नाहीत."

"नाहीत. पण ताईचे नवरे आहेत."

"तिला काही आहे का? म्हणजे दिवस?"

"चौथा महिना."

मॅडम उठल्या, कोपऱ्यातल्या यंत्राकडे गेल्या आणि स्वतः डबा भरून बर्फ घेऊन आल्या. आठ वर्षांत मॅडमनी स्वतः बर्फ आणल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

नवी कुपी करंगळीच्या पेरापेक्षा लहान होती. तळाशी डोळ्यातल्या पाण्याएवढा पारदर्शक थेंब. त्यात ग्लिसरीन असतं म्हणून तो उणे विसातही गोठत नाही, नुसता घट्ट होऊन वाट बघतो. त्याने डीएनएमध्ये एन्झाइम मिसळलं, नळ्या सदतीस अंशावर तापवलेल्या धातूच्या ठोकळ्यात खोचल्या, आणि समोर स्टूल ओढून बसला. एक तास. सदतीस अंश म्हणजे माणसाच्या अंगाची ऊब. ह्या एन्झाइमचा मूळ मालक एक जीवाणू आहे. तो सडक्या अंड्यांचा वास मारणाऱ्या चिखलात, हवा पोचत नाही अशा जागी राहतो आणि तिथे त्याचं बरं चाललेलं असतं. जीवाणूलाही विषाणू होतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला हसू आलं होतं, डासाला डास चावल्यासारखं. विषाणू येतो आणि आपला डीएनए जीवाणूच्या अंगात घुसवतो. त्यावर ह्या बिनडोळ्यांच्या, बिनडोक्याच्या जिवाने काय केलं, तर एक कात्री बनवली, म्हणजे हेच एन्झाइम. डीएनएची पाच अक्षरं ठरलेल्या क्रमाने दिसली की काप. आणि आपल्या स्वतःच्या डीएनएतही तीच अक्षरं असणार, म्हणून तेवढ्या जागी एकेक बारीकशी खूण करून ठेवली: हे आपलं आहे, हे सोड. म्हणजे परकं कोण आणि आपलं कोण ह्याचा निकाल ज्या काळी लागला, त्या काळी निकाल ऐकायला कान असलेलं पृथ्वीवर कुणी नव्हतं. पाचांतलं मधलं अक्षर कुठलंही चालतं, त्याबाबतीत एन्झाइम उदार आहे. पण चौथं ठरलेलंच लागतं. तिथे तडजोड नाही, ओळख चालत नाही, साहेबांची चिठ्ठी चालत नाही. आणि तीन अब्ज अक्षरांच्या माणसात सिकलसेलवाल्याचं नेमकं हेच चौथं अक्षर बदललेलं असतं. चिखलातल्या जीवाणूने माणूस पाहिला नव्हता, त्याला माणसाचं काही करायचंही नव्हतं. त्याने स्वतःपुरता एक शब्द पाठ केला आणि तो शब्द निघाला आपल्या रक्तातला.

कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने हे कापणं प्रथम पाहिलं, त्या संध्याकाळी बसमध्ये समोर उभ्या म्हाताऱ्या बाईंना जागा द्यायची राहून गेली, कारण बाईंच्या प्रत्येक पेशीत ती पाच अक्षरं असतील ह्याच विचारात तो त्यांच्याकडे टक लावून बघत होता. बाई त्याला काय म्हणाल्या ते इथे देता येत नाही. घरी जाऊन त्याने बाबांना सगळं सांगितलं. बाबा पुलांच्या कामांवर देखरेख करून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "कात्रीच ना? मग एवढा बर्फ कशाला?" आणि शर्ट वर करून पोटावर इन्सुलिनची सुई टोचून घेतली. ते इन्सुलिनही असल्याच कात्र्यांच्या कृपेने: माणसाचा जीन ह्यांनी कापायचा, दुसऱ्या एका जीवाणूच्या डीएनएत तसाच काप घेऊन तिथे तो चिकटवायचा, आणि मग तो जीवाणू बिचारा जन्मभर, मधुमेह म्हणजे काय हे माहीत नसताना, माणसाचं इन्सुलिन बनवत बसतो. हे तो बाबांना सांगणार होता. पण बाबांनी डोळे मिटले होते. सुई टोचताना ते नेहमी मिटतात, आणि त्याला वाटलं, एवढ्या चिखलातून, एवढ्या काळातून, एवढ्या अनोळखी जिवांच्या हातून हा थेंब ह्या पोटापर्यंत आला, तर निदान कुणीतरी उघड्या डोळ्यांनी बघायला हवं. म्हणून तो बघत राहिला. बाबा म्हणाले, "काय बघतोस? पोट नाही पाहिलंस कधी?"

ठोकळ्यातल्या नळ्यांत काहीच होताना दिसत नव्हतं. आत करोडो कात्र्या त्याच्या अंगावरून सरकत होत्या आणि वर नळीच्या झाकणावर शाईने लिहिलं होतं: नॉर्मल. त्याला ताईचं लहानपण आठवलं, म्हणजे स्वतःचं. त्याला औषध द्यायचं झालं की ताई आधी स्वतः चमचाभर प्यायची आणि म्हणायची, "गोड आहे." औषध कडू असायचं. दरवेळी. आणि दरवेळी तो परत तिच्या सांगण्यावरून तोंड उघडायचा. आता इतक्या वर्षांनी ती त्याच्या सांगण्यावर बसली होती, आणि त्याने चमच्याला तोंडसुद्धा न लावता गोड आहे म्हणून टाकलं होतं.

अडीच वाजता तो आणि मॅडम अंधाऱ्या खोलीत गेले. खोली एका माणसापुरतीच आहे. मॅडमचं कोपर त्याच्या बरगडीत होतं. दिवा लागला. मॅडमची लेन: खाली दोन पट्ट्या, लख्ख, वर पुसून काढल्यासारखं रिकामं. त्याची लेन: दोन पट्ट्या, आणि वर तिसरी. तीच कुपी, तोच बर्फ, तोच तास.

"एन्झाइम ठणठणीत आहे," मॅडम म्हणाल्या.

"हो."

"कालचंही बहुतेक ठणठणीतच होतं."

"चाळीस मिनिटं नव्हती ती," तो म्हणाला. "चारेक असतील."

त्याला वाटलं होतं भीती वाटेल. ती नंतर आली, रीतसर आली. पण आधी जे वाटलं त्याला त्याच्याकडे नाव नव्हतं. आजपर्यंत त्याला कितीकांनी तपासलं होतं. शिक्षकांनी, परीक्षा मंडळांनी, नोकरीच्या मुलाखतीत समोर बसलेल्या तिघांनी, एकदा एका मुलीच्या काकांनी, आणि सगळ्यांनी दोन-तीन ओळींत त्याला संपवलं होतं: साधारण, ठीक, नकार नाही पण होकारही नाही. आणि हा चिखलातला जीव अक्षरावर अक्षर बोट ठेवत गेला, चौथ्यापाशी थबकला, आणि काही न बोलता त्याला न दुखवता पुढे गेला. इतकं नीट त्याला कुणी वाचलं नव्हतं. ढालीच्या आत धुकं झालं, आणि ह्याही वेळी त्याने ते पुसलं नाही.

मग त्याने जिन्यात जाऊन ताईला फोन लावला.

"उद्या सकाळी इकडे ये."

"का रे? मॅडमनी हाकललं का तुला?"

"मी वाहक निघालो."

"कसला?"

"भाऊजींसारखा."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला. "तू तर नॉर्मल होतास."

"होतो."

"मग कधीपासून नाहीस?"

"जन्मापासून."

"आणि आत्ता सांगतोयस?"

"आज कळलं, ताई."

"तुमचं मशीन बिघडलं असेल."

"मीपण सकाळपासून तेच म्हणत होतो."

ती गप्प राहिली. भांडताना ताई गप्प बसत नाही. ती गप्प बसली की भांडण संपलेलं असतं आणि दुसरंच काही सुरू झालेलं असतं. मग ती म्हणाली, "मी डॉक्टरीणबाईंना तुझा दाखला दिला होता."

"माहीत आहे."

"आता काय तोंड दाखवू त्यांना?"

"तोंड राहू दे. उद्या मला हात दाखव, रक्त काढायचंय."

"हसवू नकोस," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "आठला येते."

ती आठला पाच मिनिटं कमी असताना आली, दोन डबे आणि स्वेटरची लोकर घेऊन, जणू मुक्कामालाच. तिचं रक्त मॅडमनी स्वतः काढलं. मग मॅडम खुर्चीत बसल्या, आपली बाही वर केली आणि त्याला म्हणाल्या, "माझंही घे. जुनं काल संपलं. तुझ्या ताईच्या जेलमध्ये साक्षीदार पक्का हवा." त्याला सुई दोनदा टोचावी लागली. मॅडम भिंतीकडे बघत म्हणाल्या, "भूकंप होतोय का रे?"

रक्तातून डीएनए काढायचा, यंत्रात नकला काढायच्या, ह्यात दुपार झाली. ताईने उंच स्टुलावर बसून अर्धा पायमोजा विणला आणि इथल्या प्रत्येक यंत्राकडे, ते भाड्याने घ्यायचं आहे अशा नजरेने बघितलं. एन्झाइम घालायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "बघू."

त्याने कुपी बर्फातच ठेवून तिला दाखवली.

"एवढंसं? आणि हे ठरवणार?"

"ठरवत नाही ते. ठरलेलं आहे. ते फक्त वाचतं."

"डोळे कुठेत त्याला?"

"नाहीत. अंधारात दोरीवरून हात सरकवत गेल्यासारखं जातं. पाच गाठी ओळखीच्या लागल्या की थांबतं आणि कापतं."

"आणि ओळखीच्या नसल्या तर?"

"पुढे जातं."

"काही बोलत नाही? ओरडत नाही?"

"नाही."

"गुणी आहे," ताई म्हणाली. "माझ्या सासूबाईंना दाखवायला हवं." मग ती खाली वाकली, पोटावर हात धरून, आणि कुपीशी तोंड नेऊन अगदी हळू म्हणाली, "नीट वाच हं, राजा. घाई नाही." तिने हे चेष्टेत म्हटलं नव्हतं. त्यालाही ते चेष्टेचं वाटलं नाही. त्याला एवढंच वाटलं की आपण इतकी वर्षं हे एन्झाइम वापरतोय आणि त्याच्याशी साधं कुणी बोललं नाही.

ठोकळ्यासमोरचा तो तास दोघांनी एकाच बाकावर काढला. आधी ती लोकर उलगडत होती, मग लोकर मांडीवर पडून राहिली. "ते पुलाचं काम आठवतं?" तिने विचारलं. "खाडीकाठचं. पत्र्याच्या खोल्या." त्याला आठवत होतं. सगळीकडे पाणी, पाण्यावर हिरवी साय, आणि संध्याकाळी डासांचा आवाज असा की बाबांना वरच्या पट्टीत बोलावं लागायचं. "तेव्हा तिथल्या सगळ्या पोरांना हिवताप झाला. मला अठरा दिवस होता. मी बरळायचे. आई एकदा मला मिठी मारून बसली होती, मला वाटलं तिला थंडी वाजतेय, आणि मी तिला माझं पांघरूण देत होते. शेजारच्या खोलीतली ती दोन वेण्यांची मुलगी गेली त्यात."

"मलाही ताप आला होता."

"तुला दीड दिवस आला. तू नाटक करतोयस म्हणाले बाबा. तिसऱ्या दिवशी तू माझ्या उशाशी बसून माझी बिस्किटं खात होतास."

पुस्तकात हे होतं. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की ज्या अक्षराने मूल आजारी पडतं, ते अक्षर एकाच प्रतीत असलं तर हिवतापाचा जंतू रक्तात नीट रुजत नाही आणि माणूस मरता मरता वाचतो. म्हणूनच ते अक्षर टिकलं. पाणथळ जागी, हजारो वर्षं, ते ज्यांच्याकडे होतं ते उरले आणि त्यांना पोरं झाली. चार मार्कांचा प्रश्न होता. त्याने तो सोडवला होता, आकृतीसह, आणि तेव्हा उत्तर लिहिणाऱ्या हातातून कुठलं रक्त वाहतंय ह्याचा पत्ता नव्हता. तो पत्र्याच्या खोलीत जी बिस्किटं खात बसला होता ती त्याला ह्या अक्षराने मिळवून दिली होती. आणि ताईचा ताप अठरा दिवसांचा, म्हणजे ताईकडे ते अक्षर नसेल? त्याचं मन त्या वाक्यावर झेपावलं आणि त्याने त्याला मागे खेचलं. तापाचे दिवस हा पुरावा नव्हे. धडधाकट पोरंही दीड दिवसात उठतात. पुरावा समोर सदतीस अंशात होता. आपण एकदा पुराव्याशिवाय नॉर्मल झालो होतो, तेवढं पुरे. ताईला तो काही बोलला नाही. फक्त, त्या दोन वेण्यांच्या मुलीचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत राहिला, आणि तो आठवला नाही.

तीन वाजता मॅडम म्हणाल्या, "तुम्ही दोघं जा आत. मी मावत नाही." ढाल एकच होती. ती त्याने ताईला घातली आणि स्वतः तिच्या खांद्यामागे उभा राहून काचेचं झाकण खाली ओढलं. दिवा लावायच्या बटणावर त्याचं बोट होतं आणि ते दाबलं जात नव्हतं. ताईने हात मागे आणून त्याच्या बोटावर बोट ठेवलं आणि दाबलं.

पहिली लेन मॅडमची. दोन. दुसरी त्याची. तीन. तिसरी ताईची.

ताईने मोजलं. मग बोट पुढे करून, काचेवरून, परत मोजलं. "दोन आहेत."

"हो."

"वर नाहीये ना काही? मला ह्या ढालीतून नीट दिसत नाही."

"नाहीये. पूर्ण कापलंय."

"म्हणजे वाईट?"

"म्हणजे चांगलं."

"कापलं म्हणजे चांगलं?"

"हो, ताई."

"तुमच्याकडे सगळं उलटंच असतं," ती म्हणाली आणि भिंतीला टेकली, कारण बसायला जागा नव्हती. ढालीच्या आत धुकं झालं, आणि बराच वेळ तिचा चेहरा दिसला नाही. मग आतून आवाज आला, "बाळाला काही नाही?"

"हा आजार नाही. फार तर भाऊजींसारखं होईल."

"घोरणारं?"

"त्याची तपासणी नाही आमच्याकडे."

ती हसली, आणि मग हसू थांबवून दुसऱ्या लेनकडे बघू लागली. "हा तीनवाला तू?"

"मी."

"मग मला का नाही आलं? एकाच घरातले ना आपण."

"निम्मी-निम्मी शक्यता असते. तुझ्या वेळी एक बाजू पडली, माझ्या वेळी दुसरी."

"कुणाकडून आलं रे? बाबांकडून?"

"बाबांचं रक्त घेतलं तर कळेल. त्यांच्यात नसेल तर आईकडून."

आई जाऊन आठ वर्षं झाली होती. ताई तिसऱ्या पट्टीकडे बघत होती. ती पट्टी इतरांपेक्षा जरा ठळक होती, तशी ती असतेच. "नको घेऊस बाबांचं," ती म्हणाली. "राहू दे. आईचं असेल तर तिचं तेवढं तरी कुठेतरी चालू आहे." मग तिने ढाल काढली, त्याच्या डोक्यावर उलटी ठेवली आणि म्हणाली, "बिस्किटं खातोस का? डब्यात आहेत."

ती गेल्यावर मॅडमनी त्याला बोलावलं. मागणीपत्राशिवाय कुठल्याही माणसाचा नमुना तपासता येत नाही, आणि आजवर तो माणूस नव्हता, नॉर्मल होता. आता त्याचा अहवाल निघणार, तर मागणीपत्र जोडावं लागेल. त्याने छापील फॉर्म घेतला आणि खिडकीशी बसून भरला. नाव, वय, रक्त घेतल्याची वेळ. मग एक रकाना होता: कुटुंबातील इतर वाहक व्यक्ती. त्याने आधी 'माहीत नाही' लिहिलं. मग त्याला ते खोटं वाटलं. माहीत नाही असं कसं? कुणीतरी होतं. आई किंवा बाबा, त्यांच्यामागे कुणी, त्यांच्यामागे कुणी, अशी एकामागून एक माणसं, प्रत्येकाने ते एक अक्षर न बघता, न वाचता, जसंच्या तसं पुढच्याच्या हातात दिलेलं, आणि सगळ्यात मागे कुणीतरी पहिलं. रकान्यात दीड इंच जागा होती. त्याने एक कोरा कागद घेतला, मॅडमचा शिक्का मारून घ्यायला जागा सोडली, आणि लिहिलं:

प्रति, नमुना संकलन विभाग. विषय: एका पूर्वजाचा रक्तनमुना मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, फार पूर्वी (वर्ष: माहीत नाही) एका पाणथळ जागी (पत्ता: माहीत नाही) एक व्यक्ती (स्त्री की पुरुष: माहीत नाही) हिवतापाने आजारी पडली, व आजूबाजूची माणसे दगावली असता सदर व्यक्ती दगावली नाही. त्यामुळे खाली सही करणारा आज कामावर हजर आहे. तरी सदर व्यक्तीचा दोन मिलिलीटर रक्तनमुना, बर्फात ठेवून, कार्यालयीन वेळेत पाठवण्यात यावा. ते शक्य नसल्यास, सदर व्यक्ती तापात असताना तिच्या उशाशी पाच मिनिटे बसण्याची परवानगी खाली सही करणाऱ्यास देण्यात यावी, व तेवढ्या अवधीची किरकोळ रजा मंजूर करण्यात यावी, ही विनंती.